गाठ बाहेर येते ती वाट

गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ आणि लिओमायोसार्कोमा नावाचा कॅन्सर, दोन्ही एकाच प्रकारच्या स्नायूतून उगवतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन्ही गोल, दोन्ही करड्या. दोन्हींमुळे पाळीत जास्त रक्तस्राव होतो, ओटीपोट जड वाटतं, गर्भपिशवी वाढते. एमआरआयने संशय वाढतो किंवा कमी होतो. खात्री होत नाही. पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी केली तरी ती अनेकदा चकवते, कारण हा कॅन्सर अस्तरात नसून स्नायूच्या जाडीत दडलेला असतो. अखेर पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तेव्हाच निकाल लागतो, आणि तोवर शस्त्रक्रिया होऊन काही दिवस उलटलेले असतात. आपण काय कापलं हे सर्जनला कापून झाल्यावर कळतं.

एरवी याची कुणाला फारशी फिकीर नसते, कारण फायब्रॉइड सर्रास आढळतात. पन्नाशी गाठेपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांच्या पिशवीत ते असतातच, आणि बहुतेकींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. लिओमायोसार्कोमा मात्र फार विरळा. गर्भाशयाच्या सगळ्या कॅन्सरांत त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांचा. पण तो भारी पडतो: गर्भाशयाबाहेर पसरण्याआधी सापडला तरी पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहतं. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. फायब्रॉइड ‘पुढे जाऊन कॅन्सर होतो’ हा समज जवळपास सगळाच चुकीचा आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा स्वतंत्रपणेच उगवतो. आपल्या राज्यात या समजाने किती नुकसान केलंय ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांना विचारावं. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ‘ठेवलीत तर कॅन्सर होईल’ ही भीती त्यातल्या कित्येकींना घातलेली होती. दुर्मिळ आजाराचं नाव घेऊन सर्रास शस्त्रक्रिया करणं हा एक टोकाचा गुन्हा. या प्रकरणात त्याच्या उलट टोकाची गोष्ट आहे: सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रियेत दुर्मिळ आजार विसरला गेला, त्याची.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट सर्जनांच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाडली. जर्मनीत कील इथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला व्यवसायातून निलंबित करावं अशी सूचना केली होती. पुढच्या वीस वर्षांत तेच तंत्र जगभर रूढ झालं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बेंबीतून कॅमेरा घालायचा, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरच्या दोन-तीन छेदांतून लांब दांड्याची हत्यारं चालवायची. रक्त कमी जातं, जखम सहसा चिघळत नाही, बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालत घरी जाते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे ज्यांनी काढलेत त्यांना या फायद्याची किंमत सांगावी लागत नाही.

अडचण एकच राहिली. आत जायला सव्वा सेंटिमीटरची वाट पुरते, पण आतून जे काढायचं ते नारळाएवढं असलं तर ते बाहेर कसं आणायचं?

लहान पिशवी योनीमार्गे निघते. मोठीसाठी उपाय निघाला पॉवर मॉर्सेलेटरचा. ही एक पोकळ नळी असते, तिच्या तोंडाशी मोटारीवर फिरणारं गोल पातं. नळीतून चिमटा घालून गाठीला धरायचं आणि पात्यावर ओढायचं. पेन्सिलीला टोक करताना सालपट निघावं तशा मांसाच्या पट्ट्या सुटून नळीतून वर येतात. पंधरा-वीस मिनिटांत अख्खी गर्भपिशवी छोट्याशा छेदातून बाहेर. मात्र फिरत्या पात्यापासून बारीक तुकडे आणि पेशींचा शिडकावा पोटात चहूकडे उडतो. पट्ट्या वेचून घेतात, पोट धुऊन घेतात, तरी सगळं काही हाती लागत नाही. साध्या फायब्रॉइडचे असे राहून गेलेले तुकडे पुढे आतड्यावर, पोटाच्या पडद्यावर रुजून वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. साधी गाठ जिथे रुजते तिथे कॅन्सर काय करेल याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नव्हती.

अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने १९९१ ते २०१४ या काळात अशा पंचवीस मॉर्सेलेटरांना मंजुरी दिली. मंजुरीची पद्धत अशी, की नवं उपकरण बाजारातल्या आधीच्या उपकरणासारखंच आहे हे दाखवलं की पुरे. माणसांवर वेगळी चाचणी लागत नसे. आणि २०१३च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे बावीस वर्षांत, यंत्रामुळे न कळलेला कॅन्सर पसरल्याची एकही तक्रार एफडीएकडे नोंदलेली नव्हती. घटना घडत नव्हत्या असं नाही. शस्त्रक्रिया करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ एकीकडे, सहा महिन्यांनी पोटभर गाठी घेऊन आलेल्या बाईला तपासणारा कॅन्सरतज्ज्ञ दुसरीकडे. एका सर्जनच्या अख्ख्या कारकिर्दीत असा प्रसंग एकदा यायचा किंवा यायचाही नाही. जो आला तो दुर्दैव म्हणून सोडून दिला जायचा. दुर्मिळ आजाराचा हाच घात असतो: चूक एकाच ठिकाणी पुरेशा वेळा दिसत नाही, म्हणून ती चूक आहे हेच कळत नाही.

२०१३च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनमध्ये एमी रीड या भूलतज्ज्ञ डॉक्टरची फायब्रॉइडसाठी गर्भपिशवी काढली. वय चाळिशीचं, मुलं सहा. आधीच्या तपासण्यांत कॅन्सरचा संशय आलेला नव्हता. पिशवी मॉर्सेलेटरने काढली आणि काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला: लिओमायोसार्कोमा. तिचा नवरा हूमन नूरचश्म हृदयशल्यविशारद. दोघेही आतल्या गोटातले, त्यामुळे कुणाला पत्रं लिहायची, कुठे दाद मागायची हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रुग्णालयं, सर्जनांच्या संघटना, लोकप्रतिनिधी, वर्तमानपत्रं, कुणालाही सोडलं नाही. हे जोडपं डॉक्टर नसतं तर तक्रार आणखी किती वर्षं कुणी ऐकली नसती, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. एमी रीड २०१७च्या मे महिन्यात गेली.

एफडीएने १७ एप्रिल २०१४ला जाहीर केलेला आकडा गाजला: फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया होणाऱ्या ३५० बायकांमागे एकीला न कळलेला सार्कोमा असतो. तोवर रुग्णांना दहा हजारांत एक वगैरे सांगितलं जात होतं. त्याच जुलैमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपले मॉर्सेलेटर जगभरातून मागे घेतले. नोव्हेंबरमध्ये एफडीएने काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि पाळी जाण्याच्या सुमाराच्या किंवा गेलेल्या बायकांमध्ये हे यंत्र वापरू नये असं बजावलं.

३५०चा आकडा वादात सापडला, आणि तेही रास्तच होतं. तो ज्या जुन्या अभ्यासांवरून काढला त्यांत मोठ्या केंद्रांत आलेल्या, वयाने जास्त असलेल्या रुग्णांचा भरणा होता. पुढच्या काही पाहण्यांत प्रमाण बरंच कमी निघालं. तिशीतल्या बाईचा धोका आणि पंचावन्नाव्या वर्षी पिशवी वाढत चाललेल्या बाईचा धोका एकाच आकड्यात कोंबता येत नाही. दुसरी बाजूही होती. मिशिगन राज्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की इशाऱ्यानंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया घटल्या, पोट उघडून केलेल्या वाढल्या, आणि मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण २.२ वरून २.८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे एका दुर्मिळ मरणापासून वाचवताना बऱ्याच जणींना जास्त त्रासाच्या शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. माझं मत विचाराल तर इशारा देणं बरोबर होतं. धोका कमी की जास्त हा हिशेब बाईने स्वतः करायचा असतो, आणि २०१४पर्यंत तिच्या हातात खरा आकडाच दिलेला नव्हता.

आता मधला मार्ग पिशवीतली पिशवी. गाठ सुटी झाली की ती पोटातल्या पोटात प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड छेदातून बाहेर ओढायचं आणि जे काय कापायचं ते आत, तिच्यातच. एफडीएने २०१६ साली अशा पहिल्या पिशवीला परवानगी दिली आणि २०२०मध्ये मॉर्सेलेटर वापरायचाच तर पिशवीसह असं सुचवलं. आपल्याकडे योनीमार्गे गर्भपिशवी काढण्यात वाकबगार हात पुष्कळ आहेत. अनेकदा यंत्राची गरजच पडत नाही. कॅन्सरचा नुसता संशय असला तरी मात्र प्लास्टिकची पिशवी असो वा नसो, गाठ अखंडच बाहेर यायला हवी. त्यासाठी पोटावर दहा सेंटिमीटरचा छेद द्यावा लागला तर द्यावा.

ही ‘अखंड’ची अट फक्त सार्कोमापुरती असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे दुर्मिळ नाही. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. पण शस्त्रक्रियेने बरा होईल इतक्या लवकर सापडणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. अशांसाठी व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्थहाइमने १८९८पासून रूढ केलेली मोठी शस्त्रक्रिया आहे: गर्भाशय, त्याच्या बाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा भाग एकत्र काढणं. शंभर वर्षं ती पोट उघडून होत आली. मग ती दुर्बिणीतून होऊ लागली, आणि त्यात पुण्याचं नाव आहे. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि शीर्षकातच त्या पद्धतीला ‘पुणे टेक्निक’ म्हटलं. तेव्हा जगभर अशा मालिका छापून येत होत्या आणि सगळ्यांचा सूर एकच होता: रक्त कमी, मुक्काम कमी, कॅन्सरचा निकाल तोच.

निकाल खरंच तोच का, हे तपासायला ह्यूस्टनच्या पेद्रो रामिरेझ यांनी अनेक देशांतली केंद्रं गोळा करून चाचणी सुरू केली. निम्म्या स्त्रियांचं पोट उघडायचं, निम्म्यांवर दुर्बीण किंवा रोबो. कोणाला काय हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. दोन्ही सारखंच निघेल अशी अपेक्षा होती. ७४० जणींचा बेत होता. ६३१ जणी झाल्यावर देखरेख समितीने भरती थांबवली. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये निकाल छापून आला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. मृत्यू एकूण २२. त्यांतले १९ दुर्बिणीच्या गटातले, ३ दुसऱ्या गटातले. लवकर सापडलेल्या, बरं होण्याची उत्तम आशा असलेल्या बायकांचे हे आकडे आहेत. त्याच अंकात अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींचा स्वतंत्र अभ्यास होता आणि त्याचा कौलही त्याच दिशेने होता.

सर्जनांच्या परिषदांत पुढची दोन वर्षं रणधुमाळी माजली. सर्जन नवशिके होते, केंद्रं लहान होती, असे आक्षेप आले. त्यांत थोडं तथ्य असेलही; पण चाचणीत सामील होण्याआधी प्रत्येक सर्जनला आपल्या शस्त्रक्रियांची चित्रफीत पाठवावी लागली होती. मला जास्त पटणारं स्पष्टीकरण वाटेचंच आहे. दुर्बिणीने काम करताना गर्भाशय हलवायला योनीतून मॅनिप्युलेटर नावाचा दांडा घालतात आणि तो थेट गाठीतून आरपार जातो. मग योनी पोटाच्या आतल्या बाजूने कापली जाते, आणि गाठीचं उघडं तोंड वायूने फुगलेल्या पोटात येतं. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत ज्यांनी हा दांडा वापरला नाही, किंवा आधी योनीचा काठ गाठीवर शिवून तोंड बंद केलं, त्यांचे निकाल उघड्या शस्त्रक्रियेच्या जवळ गेलेले दिसले.

तोंड शिवून घेण्याची युक्ती नवी नाही. फ्रीडरिश शाउटा हा वेर्थहाइमचा व्हिएन्नातलाच ज्येष्ठ सहकारी हीच शस्त्रक्रिया योनीमार्गे करायचा, आणि त्याची पहिली पायरी योनीची कड गाठीवर दुमडून शिवण्याची होती. कलकत्त्याच्या सुबोध मित्रांनी ती पद्धत पुढे नेली. त्यांच्या नावाची शस्त्रक्रिया जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. जर्मनीत शाउटाची पायरी आणि दुर्बीण यांची जोड घालून केलेल्या ३८९ रुग्णांत साडेचार वर्षांनी ९५.८ टक्के आजारमुक्त होत्या. ही चिठ्ठ्यांची चाचणी नव्हे, त्यामुळे यावरून निकाल देता येत नाही. तरी छेद पोटावर किती लांब होता यापेक्षा गाठ उघडी पडली की झाकलेली राहिली याकडे बोट दाखवणारा हा आकडा आहे.

उलटा पुरावा गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमधून येतो. तिथे गाठ स्नायूच्या जाड भिंतीच्या आत बंदिस्त असते. अमेरिकेतल्या २,६१६ स्त्रियांच्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया या दोन्ही गटांत ८९.८ टक्के, दशांशापर्यंत सारखं. तिथे दुर्बीण हाच आज योग्य मार्ग मानतात. दुर्बीण चांगली की वाईट असा एकच प्रश्न करून उत्तर मागणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

बीजांडकोशाच्या दुर्मिळ गाठींत तर गाठ अखंड ठेवण्याचा हा मुद्दा आजाराच्या टप्प्यातच लिहून ठेवलाय. २०१४च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बीजांडकोशापुरती मर्यादित गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर टप्पा बदलतो. त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. सकाळी भूल देताना बाई ‘एक-ए’मध्ये होती, दुपारी टाके घालताना ‘एक-सी’मध्ये. मधल्या वेळात कॅन्सर वाढला नाही, सर्जनचा चिमटा निसटला. ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठी हे याचं बोलकं उदाहरण: संथ, पण दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकणाऱ्या, आणि फुटल्यास उलटण्याची शक्यता वाढणाऱ्या. किशोरवयीन मुलींमध्ये आढळणाऱ्या जर्म सेल गाठी वेगळ्या. त्या केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात, म्हणून एकच बीजांडकोश काढून दुसरा आणि गर्भाशय जपायचं असतं. दोन्हींत खरा धोका ‘सिस्ट आहे, सुई घालून पाणी काढू आणि बाहेर घेऊ’ या घाईचा. सोनोग्राफीत घट्ट भाग दिसत असेल, मुलीच्या रक्तात एएफपी किंवा एचसीजी हे अशा गाठीची खूण देणारे घटक वाढलेले असतील, तर सुईला हात लावण्याआधी कॅन्सर सर्जनला फोन करावा. तालुक्याच्या गावी रात्री पीळ पडलेली गाठ घेऊन आलेल्या मुलीच्या बाबतीत हे लिहिण्याइतकं सोपं नसतं, याची कल्पना आहे.

आणि काही दुर्मिळ प्रकारांत शस्त्रक्रिया लहान की मोठी हा वाद गौणच. गर्भाशयमुखाच्या स्मॉल सेल कॅन्सरचं भवितव्य मुख्यतः केमोथेरपी ठरवते.

सगळ्यात धीराने काम झालं ते योनिद्वाराच्या कॅन्सरमध्ये, आणि तिथे दुर्बिणीचा संबंध जवळपास नव्हता. हा बहुधा उतारवयातला आजार. लाजेपोटी महिनोन्‌महिने खाज आणि जखम लपवली जाते. विसाव्या शतकातला बराच काळ यावर फुलपाखराच्या आकाराचा छेद देऊन बाह्य जननेंद्रिय आणि दोन्ही जांघांतल्या सगळ्या लसिकाग्रंथी एकत्र काढत. कॅन्सर आटोक्यात यायचा, जखमा आठवडेच्या आठवडे उकलायच्या, आणि ग्रंथी गेल्यामुळे पाय कायमचे सुजायचे. आधी तो एक छेद तीन वेगळ्या छेदांत विभागला गेला. मग प्रश्न आला: ग्रंथींत कॅन्सर पोचलेलाच नसेल तर त्या काढायच्या कशाला? गाठीभोवती किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचला की तो वाहत ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतो ती पहारेकरी ग्रंथी. तेवढी काढून तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या राखायच्या.

कल्पना साधी आहे, पण चुकली तर महागात पडते, कारण जांघेत उलटलेला हा कॅन्सर सहसा बरा होत नाही. त्यामुळे नेदरलँड्समधल्या आते फान डेर झे आणि सहकाऱ्यांनी चाचणी बांधतानाच थांबण्याचे नियम लिहून ठेवले: जांघेत इतक्या जणींना आजार उलटला तर काम बंद. आजार इतका विरळा की ४०३ रुग्ण गोळा करायला २००० ते २००६ अशी सहा वर्षं लागली. २००८ साली निकाल आला. पहारेकरी ग्रंथी स्वच्छ निघालेल्या, एकच गाठ असलेल्या स्त्रियांत जांघेत आजार उलटण्याचं प्रमाण २.३ टक्के. पायांची कायमची सूज सगळ्या ग्रंथी काढलेल्यांत २५.२ टक्के, फक्त पहारेकरी ग्रंथी काढलेल्यांत १.९ टक्के.

मग त्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं. पहारेकरी ग्रंथीत कॅन्सर सापडला तरी बाकीच्या काढू नयेत, फक्त किरणोपचार द्यावेत, चालतं का पाहावं. याही चाचणीत थांबण्याचे नियम होते, आणि या वेळी ते वापरावे लागले. २०१०मध्ये मध्येच आकडे तपासले तेव्हा ग्रंथीतला कॅन्सरचा ठिपका दोन मिलिमीटरहून मोठा असलेल्यांत जांघेत आजार फार जणींना उलटलेला दिसला. त्या गटासाठी चाचणीचा आराखडा तिथल्या तिथे बदलला आणि त्यांच्या सगळ्या ग्रंथी काढणं पुन्हा सुरू झालं. दोन मिलिमीटर किंवा त्याहून लहान ठिपका असलेल्यांचं मात्र नुसत्या किरणोपचारांवर भागलं: दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण १.६ टक्के. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात त्या ठिपक्याचं मोजमाप हा सर्वांत आधी वाचला जाणारा आकडा झाला आहे. दोनच्या वर असलेल्यांसाठी किरणोपचारांचा डोस वाढवून, सोबत केमोथेरपी देऊन भागेल का, याची तिसरी चाचणी त्याच गटाने हाती घेतली.